बॉनेट उघडल्यावर

(कार्यकर्त्या-मैत्रिणींच्या मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझी ओळख करून देताना अध्यक्षताई म्हणाल्या, 'ही आपली आलिशान गाडीवाली कार्यकर्ती', आणि तुम्ही सगळ्या हसलात. तुमचं हसणं बरोबरच आहे. सकाळी मी गाडी बाहेर चिंचेखाली लावली तेव्हा दोघीतिघींनी विचारलंसुद्धा की कोण पुढारी आलाय? तर ती गाडी माझ्या आईची आहे. आणि तिचं ऑइल बदलण्यापासून ब्रेकचे पॅड बसवण्यापर्यंतची बरीचशी कामं मी स्वतः करते. ते कसं जमलं, कुठे फसलं आणि कशाला हात लावू नये, एवढंच सांगायला मी उभी आहे. समाजकार्याच्या एम.ए.ला हा विषय नव्हता, त्यामुळे माझं ज्ञान अंगणातलं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

गाडी घेण्याचं कारण आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हौसेचं वाटेल. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. २०२१ साली तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता ती माझ्याकडे नाशिकला असते, पण तिचा जीव कळवणला. महिन्यातून एकदा तिला तिकडे जायचंच असतं. बहिणी आहेत, बँक आहे, थोडी जमीन आहे. शिवाय वर्षातून दोनदा मुंबईच्या इस्पितळात दाखवायला न्यावं लागतं. आधी आमच्याकडे छोटी गाडी होती. अशा माणसाला छोट्या गाडीत बसवून पाहा. सीट खाली, म्हणजे तिला आधी वाकवायचं, मग खाली सोडायचं, आणि उतरताना विहिरीतून कळशी ओढावी तसं वर ओढायचं. दोनदा ती माझ्या हातून निसटली. उंच गाडीत सीट कमरेच्या पातळीला येते. शेजारी पाट ठेवला की ती टेकते आणि सरकते. मागे चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची आणि तिचं सामान, सगळं एका वेळी मावतं. शिवाय दिंडोरी-वणीच्या रस्त्याने पाऊणशे किलोमीटर खड्डे खात जायचं, तर गाडी मऊ चालणारी हवी.

नवी घ्यायची ऐपत नव्हती. पण जुन्या बाजारात एक गंमत असते. नवी असताना पन्नास-साठ लाखांना विकली गेलेली गाडी दहा वर्षांनी नव्या छोट्या गाडीच्या किमतीला मिळते. आम्हाला मिळालेली गाडी २०१२ सालची, डिझेलची, दिल्लीहून आलेली. दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. (२०२५ साली न्यायालयाने त्या कडकपणात काही सवलत दिली, पण तेव्हा ती नव्हती.) त्यामुळे दहावं वर्ष जवळ आलं की तिथले मालक गाडी मिळेल त्या भावाला काढून टाकत, आणि ना-हरकत दाखल्यावर त्या गाड्या आपल्याकडे येत. २०२२च्या ऑक्टोबरात आम्ही पाच लाख सत्तर हजारांना ही घेतली. इथला कर वेगळा भरला. पैसे आईच्या निवृत्तीच्या ठेवीतले. भाऊ नको म्हणत होता. आई म्हणाली, 'माझे पैसे आहेत. खाटेवर पडून राहायला कमी लागतात, बाहेर पडायला जास्त.' गाडी जर्मन बनावटीची आहे. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. जाहिरात नको आणि बदनामीही नको.

आता या व्यवहारातली मेख सांगते. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पाच लाखांच्या गाडीचा सांभाळ पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो. छोट्या गाडीत ऑइल साडेतीन-चार लिटर लागतं, माझ्या गाडीला जवळजवळ नऊ. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तीन महिने बरे गेले. जानेवारीतल्या एका सकाळी दार उघडून पाहते तर गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली बसलेला, बसकण मारलेल्या म्हशीसारखा. चालू केल्यावर कण्हत कण्हत वर आली, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली आणि पहिला प्रश्न विचारला, 'मिस्टर आलेत का?' मी म्हटलं, मिस्टर नाहीत, गाडी आईची आहे. मग त्यांनी माझ्या भावाचा फोन नंबर मागितला. दोन तासांनी अंदाजपत्रक हातात आलं. पुढचे दोन्ही हवेचे शॉकअब, कॉम्प्रेसर, मजुरी, कर, सगळं मिळून दोन लाख सत्त्याऐंशी हजार. माझा तेव्हाचा पगार महिना बत्तीस हजार होता. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गाडी तशीच हळूहळू घरी आणली. आईला रात्रभर सांगितलं नाही. सकाळी तिनेच विचारलं, 'किती सांगितले?'

इथे आमचे शेजारी आप्पा आले. सातपूरच्या मायको कारखान्यात, आता त्याला बॉश म्हणतात, त्यांची पस्तीस वर्षं डिझेलचं नोझल बनवण्यात गेली. मला वाटलं, आता आप्पा बॉनेट उघडून दोन मिनिटांत रोग सांगतील. आप्पा म्हणाले, 'पोरी, मी अख्खी गाडी कधी पाहिलीच नाही. मी नोझल पाहिलंय.' पण त्यांनी एक गोष्ट शिकवली, ती अजून पुरते आहे. बदलायचं काय, हे विचारण्याआधी बिघडलंय काय ते बघ. गॅरेजच्या कागदावर कोणते भाग बदलायचे ते होतं. हवा कुठून जाते आहे, ते कुठेच नव्हतं.

या गाड्यांना चाकाजवळ लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. माणसं बसली, सामान भरलं, की यंत्रणा गाडीची उंची मोजते आणि हवा कमीजास्त करते. म्हणून तर आईला खड्डे कमी लागतात. पण रबर ते रबरच. वर्षं उलटली की घडीच्या जागी त्याला भेगा पडतात आणि रात्रभरात हवा जाते. मग कॉम्प्रेसर बिचारा सारखा चालत राहतो आणि शेवटी जळतो. अशा वेळी नुसता कॉम्प्रेसर नवा बसवला तर तोही जळणार, हे उघड आहे. म्हणजे गळती सापडायला हवी. आणि ती शोधायची युक्ती सांगितली आप्पांच्या काकूंनी. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, म्हणाल्या, 'सिलेंडरची नळी कशी बघता तुम्ही?' साबणाचा फेस! आपल्यातली प्रत्येकजण हे करते. कपड्यांच्या साबणाचं पाणी बाटलीत भरलं, चाक पूर्ण वळवलं, पिशवीच्या घडीवर फवारलं. डाव्या बाजूला खालच्या घडीत बुडबुडे आले. उजव्या बाजूला नाही, नळीच्या जोडावर नाही. दहा रुपयांच्या साबणाने दोन लाखांचा कागद एका शॉकअबवर आला.

तो एक मी अडतीस हजारांना मागवला. बसवला मात्र मी नाही. नाक्यावरच्या एका छोट्या गॅरेजच्या मिस्त्रींनी साडेतीन हजार मजुरीत बसवला, मी शेजारी बसून पाना देत होते. कॉम्प्रेसर अजून जुनाच आहे. मोठ्या गॅरेजवाल्यांनी फसवलं, असं मी म्हणणार नाही. त्यांना कामाची हमी द्यावी लागते, म्हणून ते जोडीने आणि संचच बदलतात. पन्नास लाखांना नवी घेणाऱ्याला ते परवडतं. आपल्याला परवडत नसेल, तर शोधण्याचं काम तरी आपण केलं पाहिजे.

त्यानंतर मी एक चौदाशे रुपयांचं यंत्र घेतलं. काडेपेटीएवढं असतं. स्टिअरिंगखाली सोळा खाचांचं एक सॉकेट असतं, त्यात ते बसवायचं, आणि गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा सांकेतिक क्रमांक आपल्या मोबाइलवर दिसतो. हे फार कामाचं आहे आणि फार फसवंही आहे. क्रमांक आपल्याला एवढंच सांगतो की जळका वास कोणत्या खोलीतून येतोय. दूध जळलंय की वायर, ते उठून बघावंच लागतं.

याचा अनुभव कसारा घाटात आला. मुंबईहून परतत होतो, आई मागे आडवी. अर्ध्या चढावर गाडीची ताकदच गेली. लाल-पिवळा दिवा लागला, ॲक्सिलरेटर दाबला तरी बैलगाडीच्या वेगाने चालू. मागून ट्रकचे भोंगे. अशा वेळी इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम ताकद कमी करतं, हे मला तेव्हा वाचून माहीत होतं, म्हणून धीर राहिला. कडेला घेतली, बंद करून पुन्हा सुरू केली, रडतखडत घरी आलो. क्रमांक आला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. फोनवर एका ठिकाणी विचारलं, तर न पाहताच उत्तर मिळालं, 'टर्बो गेला, दीड-पावणेदोन लाख धरा.' आता टर्बो म्हणजे धुराच्या जोराने फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. ती हवा जाड रबरी पाइपांतून जाते. पाइप कुठे सुटला किंवा फाटला तर पंखा कितीही चांगला असो, दाब कमीच पडणार. आप्पा म्हणाले, आधी पाइप बघ. बॅटरी घेऊन खाली वाकले; एका जोडाभोवती काळं तेलकट धुळीचं कडं दिसलं. तिथून हवा बाहेर फेकली जात होती. क्लिप ढिली होऊन पाइप बोटभर सरकला होता. साठ रुपयांची क्लिप, वीस मिनिटं आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. मी त्या दिवशी अंगणात मोठ्याने हसले, आणि मग थोडी रडलेही.

लगेच कुणी असं समजू नका की प्रत्येक पावणेदोन लाखाच्या मागे साठ रुपयांची क्लिपच असते. तसं नसतं. मागच्या वर्षी ऑइल कुठून तरी गळायला लागलं. मी खूप शोधलं. शेवटी ते इंजिनाच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेतून, अगदी पोटातून निघत होतं. तिथली रबरी सीलं काहीशे रुपयांची, पण तिथवर पोचायला अर्धं इंजिन उकलावं लागतं. ते काम मिस्त्रींनी तीन दिवसांत केलं आणि अठरा हजार घेतले. ते त्यांनी घ्यायलाच हवे होते.

मी स्वतः नेमानं करते ती कामं साधी आहेत. हवेचा फिल्टर, आतल्या ए.सी.चा फिल्टर, डिझेलचा फिल्टर, बॅटरी, दिवे, ब्रेकचे पॅड आणि ऑइल. ऑइल बदलताना मला गाडीखाली झोपावंसुद्धा लागत नाही. माझ्या गाडीत तेलाची पातळी पाहायची जी पट्टी असते, तिची नळी थेट तळापर्यंत जाते. तिच्यातून एक बारीक नळी सोडायची आणि हातपंपाने जुनं तेल वर ओढून घ्यायचं. इंजिन थोडं गरम असताना करायचं, म्हणजे तेल पातळ असतं. फिल्टरही वरूनच निघतो. साडीवर करता येईल असं काम आहे, फक्त करू नका. पदर पंख्याच्या पट्ट्याजवळ नको. जुनी पँट घाला आणि हातमोजे घाला. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला वाईट असतं, वारंवार लागलं तर कर्करोगाचा धोका असतो. आपल्या खेड्यांत ते लाकडाला चोपडतात, दाराच्या बिजागरीला घालतात, लहान पोरं हात घालतात. तिथे जाल तेव्हा हे जरूर सांगा. गटारात ओतायचं नाही. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते मोडतं. मी डब्यात साठवते आणि मिस्त्रींच्या साठ्याबरोबर पुनर्वापरवाल्याकडे पाठवते.

तेल कोणतं घालायचं? 'चांगलं' तेल असं काही नसतं. गाडीच्या पुस्तिकेत दर्जाचा क्रमांक असतो आणि तेलाच्या डब्यामागे बारीक अक्षरांत कोणकोणते क्रमांक लागू ते छापलेलं असतं. ते जुळलं पाहिजे. औषधाच्या बाटलीवरची तारीख आपण वाचतो, तेवढंच हे कष्टाचं. भागांचंही तसंच. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला फिल्टर आणि तो बनवणाऱ्या पुरवठादाराच्या खोक्यातला फिल्टर अनेकदा एकाच कारखान्यातून आलेला असतो. किंमत मात्र निम्मी-पाऊण. मागवताना गाडीचा सतरा अक्षरांचा चासी नंबर द्यायचा, नुसतं मॉडेलचं नाव नाही. मी एकदा नाव सांगून ब्रेकचे पॅड मागवले आणि ते अर्धा इंच रुंद निघाले. मुंबईला कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुने सुटे भाग मिळतात. दिवा, आरसा, दाराची मूठ अशा वस्तू मी तिथून आणल्या आहेत. ब्रेक, रबर आणि फिल्टर मात्र जुने घ्यायचे नाहीत.

ब्रेकच्या पॅडवरून आठवलं. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास एका बाईने केला. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी गाडी मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभर किलोमीटरहून थोडं जास्तच, घेऊन गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचं आवरण झिजलं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजायला लागले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे आज मी जे पॅड बदलते, त्याची कल्पना त्या बाईची आणि त्या चांभाराची. काचेच्या खोलीत कॉफी पिताना मला ही गोष्ट माहीत असती तर बरं झालं असतं.

आता चूक सांगते. ही गोष्ट मी आप्पांनाही बरेच दिवस सांगितली नव्हती. जुलै महिना होता, अंगण मऊ झालेलं. पुढचे पॅड बदलायचे म्हणून मी जॅक लावला, खाली एक लाकडी फळी घातली, आणि चाक काढलं. लोखंडी स्टँड आणायचे होते, पण बाराशे रुपये वाचवले. त्यातून हवेच्या शॉकअबची गाडी उचलताना उंची राखणारी यंत्रणा आधी बंद करायची असते, नाहीतर गाडीला वाटतं आपण कलंडतोय आणि ती स्वतःच हवा सोडते-भरते. पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं. मी पॅडचं पान वाचलं आणि जॅकचं वाचलं नाही. काकूंनी चहाला हाक मारली म्हणून मी उठले. दोन पावलं गेले असेन, आणि मागे धप्प आवाज झाला. फळी चिखलात कलली, जॅक आडवा झाला आणि सव्वादोन टनांची गाडी ब्रेकच्या तबकडीवर बसली. क्षणापूर्वी त्या तबकडीखाली माझा हात होता, स्क्रू पडला होता तो शोधत. आई व्हरांड्यात खुर्चीवर होती, तिने सगळं पाहिलं. ती काही बोलली नाही. तिने नुसता डावा हात पुढे केला, आणि मी जाऊन तो धरला.

तेव्हापासून मातीवर काम नाही. सिमेंटची जमीन, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड, यंत्रणा बंद, जॅकने फक्त उचलायचं आणि वजन स्टँडवर टेकवायचं. काढलेलं चाक तिथेच गाडीच्या कडेखाली सारून ठेवायचं, म्हणजे सगळं फसलं तरी गाडी चाकावर पडेल, आपल्यावर नाही. आणि घरात कुणीतरी जागं असताना करायचं. या बाबतीत काटकसर नको.

काही कामांना मी हातच लावत नाही. स्टिअरिंगमधली आणि सीटमधली एअरबॅग, तिच्यात स्फोटक असतं. ए.सी.चा गॅस. आणि डिझेलच्या जास्त दाबाच्या नळ्या. आपल्या घरच्या कुकरची शिट्टी साधारण एक बार दाबाला होते. या इंजिनांत डिझेलचा दाब सोळाशे बारपर्यंत जातो. चालू इंजिनात बारीक गळती बोटाने चाचपायला गेलं तर डिझेल कातडी फोडून आत जातं, आणि बोट गमावायची वेळ येते. ब्रेकचे पॅड मी आज बदलते, पण पहिल्या तीन वेळा बदलल्यावर मिस्त्रींना दाखवूनच रस्त्यावर आणली. मी वळणावर चुकले तर मी एकटी मरणार नाही.

आप्पांनी आणखी दोन सवयी लावल्या. एक म्हणजे, निघालेला प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, निघाला त्या क्रमाने. दुसरी, कोणताही बोल्ट आधी हाताने, बोटांनी चार आटे फिरवायचा आणि मगच पाना लावायचा. आपल्याला वाटतं बायकांचा जोर कमी पडेल. जोर कमी पडला तर लांब दांड्याचा पाना मिळतो. अडचण उलटी असते. आपण भीतीने जास्त आवळतो. मी उत्साहाच्या भरात एका ॲल्युमिनियमच्या झाकणाचे आटे घालवले आणि अकराशे रुपयांना धडा घेतला. मग टॉर्क पाना आणला. त्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर लागला की तो टक् करतो आणि आपण थांबायचं. माझ्या चाकांच्या बोल्टांना दीडशे न्यूटन-मीटर लागतो.

आता पैशांचं बोलू, कारण तुम्ही मनात तेच विचारताय. आमच्याकडे एक वही आहे. ती आई लिहिते. उजवा हात गेल्यावर ती काहीच लिहीत नव्हती. फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलेल्या रेघा काढायचा तिला राग यायचा. 'मी पहिलीच्या पोरांना हे करायला लावलं, आता मला लावता?' पण शॉकअबच्या वेळी मी सहज म्हटलं की कुणीतरी किलोमीटर लिहून ठेवायला हवेत, आणि तिने डाव्या हाताने पेन मागितलं. पहिल्या पानावर 'ऑइल' हा शब्द चार ओळी खातो. आता ती तारीख, किलोमीटर, भागाचा क्रमांक, दुकान, किंमत सगळं एका ओळीत लिहिते, आणि मी पावती हरवली तर रागावते. त्या वहीप्रमाणे पहिल्या तीन वर्षांत सुट्या भागांवर एक लाख सेहेचाळीस हजार, हत्यारांवर एकोणीस हजार, मिस्त्रींच्या मजुरीवर एकतीस हजार गेले. एकूण एक लाख शहाण्णव हजार, म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेपाच हजार. त्यात डिझेल धरलेलं नाही. शहरात आठ-नऊच्या वर जात नाही. एवढा खर्च निम्म्याहून जास्त कामं स्वतः करून झाला. ज्यांना वाटतं की पाच-सहा लाखांत थाटाची गाडी मिळते, त्यांना मी ही वही दाखवते. गाडी घ्यायचीच असेल तर तिच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला असेल तरच घ्या. आणि घेण्याआधी एक रात्र ती जिथे उभी आहे तिथे सकाळी लवकर जाऊन बघा, कोपरा खाली बसलाय का ते. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर का, ते विचारा.

पुढे काय, हेही सांगते. गिअरबॉक्सचं तेल बदलायचं राहिलंय. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ते आयुष्यभर पुरेल असं लिहिलेलं असतं. पण अशा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला. कुणाचं आयुष्य धरायचं, एवढाच प्रश्न आहे. ते काम ठरावीक तापमानाला, गाडी सपाट उचलून करावं लागतं, म्हणून मिस्त्रींकडे. २०२७ साली गाडीला पंधरा वर्षं पुरी होतील. मग फेरनोंदणी, २०२२च्या एप्रिलपासून तिची फी सहाशेवरून पाच हजार झाली आहे, वर पर्यावरण कर आणि तपासणी. तेव्हा ठेवायची की काढायची, यावर आईचं आणि माझं एकमत नाही. मी म्हणते काढू. ती म्हणते, अजून वहीची पानं शिल्लक आहेत.

येत्या रविवारी सकाळी डिझेलचा फिल्टर बदलणार आहे. आठ-दहा जणी मावतील एवढं अंगण आहे, आता सिमेंटचं. यायचं असेल त्यांनी जुने कपडे घालून या, बांगड्या आणि घड्याळ घरी ठेवा. चहा काकूंकडे आहे. नावं आईकडे द्या, ती मागच्या रांगेत बसली आहे. थोडं सावकाश सांगा, ती डाव्या हाताने लिहिते.